दहावीच्या आठ वर्षं आधी

महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे ‘एलडी’ची, चर्चा दरवर्षी एका ठरावीक हंगामात जोर धरते. दहावीचे अर्ज भरायची वेळ जवळ येते, ‘एलडीचं सर्टिफिकेट असेल तर लवकर जमा करा’ असा शाळेतून निरोप येतो, आणि मुंबईत शीव, केईएम, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत, पुण्यात ससूनमध्ये पालकांच्या फेऱ्या सुरू होतात. तोपर्यंत मूल पंधरा वर्षांचं झालेलं असतं. त्याची अडचण मात्र दुसरीतच दिसत होती. धडा पाठ असायचा, म्हणून वाचता येतंय असं वाटायचं. फळ्यावरचं उतरवून घेताना ओळी सुटायच्या. तोंडी विचारलं तर सगळं यायचं आणि वहीत पान कोरं राहायचं. ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं येत राहिला.

दुसरी ते दहावी या आठ वर्षांत काय करता आलं असतं, याचं उत्तर आज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जगभरात सव्वाशे वर्षं या विषयावर संशोधन झालं आहे. त्यातले निदान पन्नास वर्षांचे निष्कर्ष वर्गात वापरता येतील इतके पक्के आहेत. भारतात कायदा आहे आणि मराठीत चाचण्याही आहेत. तरीही आपली बहुतेक शक्ती शेवटच्या वर्षाच्या सवलतींवर खर्च होते आणि पहिल्या तीन वर्षांच्या शिकवण्याला फार थोडी उरते. या विषयात काय कळलं आहे, मराठी मुलांच्या वाट्याला त्यातलं काय आलं आहे आणि कुठे खिंडार आहे, हे या लेखात पाहायचं आहे.

काय आहे, काय नाही

विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तीन रूपं मुख्यतः सांगितली जातात. अक्षरं आणि शब्द वाचण्यातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया आणि संख्या व गणनातली डिस्कॅल्क्युलिया. मुलाची दृष्टी आणि श्रवण ठीक आहे, ते नियमित शाळेत जातं, त्याला शिकवलंही गेलं आहे, बौद्धिक अक्षमता नाही, आणि तरीही या एका किंवा अधिक गोष्टींत ते वयाच्या मानाने बरंच मागे आहे, असं दिसलं की या निदानाचा विचार होतो. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत आणखी एक महत्त्वाची अट आहे. नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकून राहायला हवी. म्हणजे आधी शिकवायचं, मग निदान करायचं.

याच पुस्तिकेनुसार वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींतल्या शालेय मुलांमध्ये हे प्रमाण ५ ते १५ टक्के आहे. सर्वांत कमी आकडा धरला तरी चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुलं निघतात. ज्या शाळेत ‘आमच्याकडे असं कोणी नाही’ असं सांगितलं जातं, तिथे बहुधा कोणी शोधलेलंच नसतं.

अडचण घराण्यात चालत येते. आई किंवा वडिलांना वाचनाचा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता बरीच वाढते. फिनलंडमध्ये युवास्क्युला इथे हेइक्की ल्युतिनेन यांच्या गटाने अशा घरांतल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी, आवाजांतले फरक टिपण्यात आणि अक्षरांची नावं लक्षात ठेवण्यात, पुढच्या अडचणीची चिन्हं त्यांना दिसली. २०२२ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात ५० हजारांहून अधिक डिस्लेक्सिक प्रौढांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डिस्लेक्सियाशी संबंध दाखवणाऱ्या ४२ जागा सापडल्या. डिस्लेक्सियाचं एकच एक जनुक नाही. प्रत्येक जागेचा वाटा लहान आहे. ‘आईने लक्ष दिलं नाही म्हणून’ हे घरोघरी ऐकू येणारं स्पष्टीकरण मात्र या सगळ्या पुराव्यापुढे टिकत नाही.

डोळ्यांकडून आवाजाकडे

या संशोधनाची सुरुवात डोळ्यांच्या डॉक्टरांनी केली. जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये ‘डिस्लेक्सिया’ हे नाव वापरलं, ते मेंदूच्या आजारामुळे वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. १८९६ मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची नोंद लिहिली. मुलगा चलाख होता, पण त्याला वाचता येत नव्हतं. ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवूड यांनी १९१७ मध्ये या जन्मजात अडचणीवर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून अक्षरं उलटी दिसण्याची उपपत्ती मांडली. ‘ही मुलं अक्षरं उलटी पाहतात’ हा समज तेव्हापासून लोकांच्या मनात घर करून आहे.

पुढच्या संशोधनाने दिशा बदलली. १९७० च्या दशकात इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अडचणीचं मूळ बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करण्यात आहे. ‘कप’ या शब्दात किती आवाज आहेत, पहिला काढून टाकला तर काय उरतं, हे सांगायला या मुलांना जड जातं. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे ४०० मुलांचा वाचायला लागण्याआधीपासून केलेला पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्या मुलांना शब्दांतले सारखे-वेगळे आवाज ओळखता येत होते, ती पुढे चांगली वाचू लागली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मागे असलेल्या मुलांना आवाज आणि अक्षरं यांची जोडी शिकवली तेव्हा त्यांचं वाचन सुधारलं.

अक्षरं उलटी लिहिणं सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांत दिसतं आणि बहुतेकांत सुटतं. त्यावरून घाबरून जायचं कारण नाही. काळजी करायची ती आवाजाची आणि वेगाची.

दुसरा मोठा बदल बुद्ध्यांकाबाबत झाला. शिकागोच्या एका परिषदेत १९६३ मध्ये सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे नाव रुळवलं. त्यानंतर कित्येक वर्षं बुद्ध्यांक आणि वाचन यांत मोठी तफावत असेल तरच निदान करायचं, अशी पद्धत होती. तफावत मोजण्याइतकी वाढेपर्यंत मूल तिसरी-चौथीत पोहोचायचं. पुढे अभ्यासांत दिसलं की तफावत असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारची मुलं वाचताना एकाच ठिकाणी अडखळतात आणि त्यांना एकाच प्रकारच्या शिकवण्याचा उपयोग होतो. म्हणून अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने तफावतीची सक्ती काढली आणि २०१३ च्या निदानपुस्तिकेनेही ती सोडून दिली. आज बुद्धिमापन कसोटीचं काम मुख्यतः बौद्धिक अक्षमता नाही ना, एवढं पाहण्याचं आहे.

देवनागरीत वाचताना

इथपर्यंतचं बरंचसं ज्ञान इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरून आलं आहे, आणि इंग्रजी हा जगातला अपवाद आहे. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तेरा युरोपीय भाषांतल्या पहिलीच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. अनेक भाषांत वर्षाअखेर मुलं नव्वद टक्क्यांहून अधिक साधे शब्द बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचा आकडा ३४ टक्के होता. जर्मन किंवा फिनिशमध्ये लिहिलं तसं वाचलं जातं. तिथली डिस्लेक्सिक मुलं फारशा चुका करत नाहीत, पण फार हळू वाचतात. इंग्रजीतल्या चुकांची यादी घेऊन तिथे शोधायला गेलं तर ही मुलं सापडतच नाहीत.

मराठीची जात या दोन्हींहून वेगळी आहे. आपलं अक्षर बऱ्याच अंशी उच्चाराला प्रामाणिक आहे, पण अक्षरांची संख्या प्रचंड आहे. चौतीस व्यंजनांना बाराखडी लावली की चारशेच्या वर रूपं होतात. त्यावर जोडाक्षरं आहेत. बेंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नडमध्ये केलेल्या अभ्यासाने हे ठळक केलं. इंग्रजी मूल सव्वीस अक्षरं वर्षभरात ओळखतं, तर अक्षरलिपीत वाचणाऱ्या मुलाचं लिपी शिकणं चौथीपर्यंत आणि त्यापुढेही चालू असतं. शब्दातला सुटा आवाज ओळखण्याची क्षमताही या लिपीत सावकाश येते, कारण लिपी आधी अक्षर दाखवते, त्यातला व्यंजन आणि स्वर वेगळा दाखवत नाही.

देवनागरीत काही ठिकाणं खास अवघड आहेत. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर येतो. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात या उलट्या क्रमाची किंमत वेगात मोजावी लागते, असं दिसलं. रफाराचं तसंच आहे. ‘वर्ग’ म्हणताना र आधी उच्चारतो, तो बसतो मात्र ग च्या डोक्यावर. ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांतला फरक चांगल्या वाचकालाही क्षणभर थांबवतो. घ-ध, भ-म, प-ष, थ-य या जोड्या एका रेघेने बदलतात. ‘करवत’ वाचताना र मधला अ गाळायचा आणि क मधला ठेवायचा, हे लिपी सांगत नाही. ‘चाक’ मधला च आणि ‘चिमणी’ मधला च वेगळा आहे, हेही मुलाला कानाने शिकावं लागतं. ज्याचा कान पक्का नाही, त्याला मराठीच्या या प्रत्येक वळणावर जास्तीचा वेळ लागतो.

म्हणून मराठी माध्यमातलं डिस्लेक्सिक मूल ओळखायची खूण चुकांच्या संख्येत शोधू नये. तिसरीतलं मूल अक्षर-अक्षर लावत बरोबर वाचतं, पण परिच्छेद संपेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. जोडाक्षर आलं की अंदाजाने दुसराच शब्द म्हणतं. ओळखीचा धडा सफाईने वाचतं आणि अनोळखी मजकुरावर थबकतं. बोलताना भाषा समृद्ध असते, लिहिताना दोन ओळींत संपते. अशी मुलं इंग्रजी मापाने मोजली की ‘बरं वाचतोय की’ म्हणून सुटून जातात.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. मराठी घरातलं मूल इंग्रजी शाळेत जातं, घरात इंग्रजी कानावर पडत नाही, आणि चौथीत त्याची चाचणी फक्त इंग्रजीत होते. मागे पडण्याचं कारण अक्षमता आहे की भाषेचा अनुभवच कमी आहे, हे अशा चाचणीतून कळणं अशक्य आहे. दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय या मुलांचं निदान पूर्ण मानू नये. खरी अडचण आवाजाच्या पातळीवरची असेल तर ती मराठीतही कुठे ना कुठे दिसतेच.

गणिताची गाठ

डिस्कॅल्क्युलियावर वाचनाच्या मानाने कमी काम झालं आहे. ब्रायन बटरवर्थ यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलं की काही मुलांना संख्येचं मूळ भानच कमी असतं. समोर चार गोट्या ठेवल्या तर बहुतेकांना त्या न मोजता ‘चार’ म्हणून दिसतात. या मुलांना मोजाव्या लागतात. ७ मोठे की ९, यालाही विचार करावा लागतो. पाढे पाठ न होणं हे यानंतर दिसणारं लक्षण आहे.

मराठीत इथेही भाषेचा अडसर येतो. लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहितं. जर्मन संख्यानामांतही असाच उलट क्रम आहे आणि संख्या ऐकून लिहिताना तिथल्या मुलांच्या चुकांचा मोठा वाटा याच अदलाबदलीचा असतो, हे संशोधनात नोंदलं गेलं आहे. त्यात आपल्याकडे एकोणपन्नास, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही नावं वजाबाकी पोटात घेऊन येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोड-पद्धत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण हेच त्याचं कारण सांगितलं होतं. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. भाषेच्या अभिमानाची बाजू तेव्हा पुष्कळ बोलली गेली. ज्या मुलाच्या हातून २५ आणि ५२ ची अदलाबदल तिसरीतही थांबत नाही, त्याची बाजू फारशी कुणी मांडली नाही. पारंपरिक नावं शिकवायचीच आहेत, पण आधी ‘वीस आणि पाच’ हातात देऊन मग ‘पंचवीस’कडे नेण्यात भाषेचं काही बिघडत नाही.

महाराष्ट्राची आघाडी आणि तिची मर्यादा

या विषयात महाराष्ट्र देशात मागे नव्हता. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं केंद्र उभं राहिलं आणि डॉ. माधुरी कुलकर्णी, डॉ. सुनील कारंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या शाळेतल्या इतिहासावर, पालकांच्या चिंतेवर आणि सवलतींच्या परिणामांवर सातत्याने लिहिलं. १९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. नव्वदच्या दशकातच राज्य मंडळाने परीक्षेतल्या सवलतींना सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवासारखा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित अशी त्यांची व्याप्ती वाढत गेली. त्या वेळी केंद्राच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखसुद्धा नव्हता.

या सवलतींमुळे हजारो मुलं दहावी पार झाली, हे मोलाचं काम आहे. पण त्यातून एक सवय लागली. शाळा, पालक आणि क्लास, सगळ्यांच्या लेखी एलडी म्हणजे सर्टिफिकेट झालं. रायटर मिळाला की प्रश्न सुटला. लेखनिक तीन तास मुलाचा हात होतो. त्या तीन तासांनंतर नोकरीचा अर्ज, बँकेचा फॉर्म, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी मुलालाच वाचायची असते. सवलत हा मुलाचा हक्क आहे आणि तो मिळायलाच हवा. वाचायला शिकणं हाही त्याचा हक्क आहे, आणि तो मात्र कुणी मागतच नाही.

केंद्राचा दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा, अमलात आला १९ एप्रिल २०१७ पासून. जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांऐवजी त्यात एकवीस आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे. या कायद्याचं सोळावं कलम प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावं असं आहे. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय करणं, हे काम त्याने सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांवर टाकलं आहे. चाळीस टक्के अक्षमता प्रमाणित झाली तर उच्च शिक्षणातलं पाच टक्के आणि सरकारी नोकरीतलं आरक्षणही लागू होतं. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तपासणीची पद्धत ठरवली. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमाराला प्रमाणपत्र, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी कायमचा दाखला, असा तिचा क्रम आहे.

न्यायालयांनी या हक्कांना बळ दिलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या एका निकालात स्पष्ट केलं की लेखनात अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक देण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेश परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला जादा वेळ नाकारला गेला, तेव्हा त्या अन्यायाची भरपाई कशी करता येईल ते पाहा, असं न्यायालयाने परीक्षा यंत्रणेला बजावलं.

कायद्याने आठव्या वर्षी प्रमाणपत्राची सोय केली असली तरी शाळा मूल पाठवते ते आठवी-नववीत. आठव्या वर्षाआधीची दोन वर्षं तर सर्वांत मोलाची आहेत. पहिली-दुसरीत नेमकी मदत मिळाली तर अनेक मुलं वर्गाच्या बरोबरीला येतात. चौथी-पाचवीनंतरच्या मदतीने चुका कमी होतात, पण गेलेला वेग भरून काढणं फार कठीण जातं. पहिली-दुसरीतल्या मदतीला तर कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही.

न शिकवलेलं मूल आणि न जमणारं मूल

खेड्यातल्या शाळेत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. शालेय शिक्षणाच्या ‘असर’ पाहण्या गेली अनेक वर्षं सांगत आहेत की ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. ही सगळी मुलं डिस्लेक्सिक नाहीत. मग त्यांच्यातून खरी अडचण असलेलं मूल ओळखायचं कसं?

याचं उत्तर शोधताना पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात झालेला दीर्घकालीन अभ्यास फार उपयोगी आहे. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी आणि कन्नड शाळांतल्या मुलांचं पहिली ते तिसरीचं शिक्षण जवळून पाहिलं. तिसरीच्या शेवटीही अनेक मुलांची लिपी पूर्ण झाली नव्हती. शिकवण्याचा वेळ उतरवून काढण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जात होता. अर्थाबद्दल बोलणं, स्वतःचं काही लिहिणं हे जवळजवळ नव्हतं. वारली, कातकरी, महादेव कोळी मुलांची घरची बोली पुस्तकाच्या मराठीहून वेगळी होती, आणि वर्गात तिला जागा नव्हती.

अशा वर्गात थेट चाचणी लावली तर निम्मा वर्ग अक्षम ठरेल. म्हणून जगात आता पायऱ्यांची पद्धत मान्य होत आहे. पहिली पायरी म्हणजे सगळ्या वर्गाला चांगलं, क्रमवार वाचन शिकवणं. त्यात मागे राहिलेल्यांना लहान गटात रोज थोडा जास्तीचा वेळ, ही दुसरी. तीन-चार महिन्यांनी तरीही न हललेल्या दोन-तीन मुलांना एकेकट्याने मदत आणि सविस्तर तपासणी, ही तिसरी. या क्रमात न शिकवलेलं मूल दुसऱ्या पायरीवरच पुढे निघून जातं. जे उरतं, त्याला खरोखर वेगळी मदत हवी असते. तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ नसला तरी पहिल्या दोन पायऱ्या थांबत नाहीत.

हाताशी काय आहे

चाचण्यांत बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेची चाचणीमाला सर्वांत जुनी आणि प्रमाणपत्रासाठी सर्वाधिक वापरली जाणारी. मराठीसाठी सर्वांत महत्त्वाचं साधन मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. ‘डाली’ या नावाची ही मालिका २०१५ मध्ये आली. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत ती आहे. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी यांच्यासाठी शिक्षकाने भरायच्या वेगळ्या नोंदपत्रिका तिच्यात आहेत. या पत्रिका भरायला शिक्षकाला डॉक्टर व्हावं लागत नाही. वर्षभर मुलाला पाहिलेलं असणं पुरेसं आहे.

शिकवण्याच्या बाजूने पाहिलं तर ऑर्टन आणि ॲना गिलिंगम यांच्यापासून चालत आलेली तत्त्वं आजही आधार आहेत. आवाज आणि चिन्हाची जोडी उघडपणे शिकवायची, सोप्याकडून अवघडाकडे जायचं, आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही, रोज थोडी उजळणी करायची. रेतीत अक्षर गिरवणं, मातीत बनवणं याने मुलाला गोडी लागते. फरक पडतो तो मात्र क्रमवार आवाज-अक्षर शिकवण्याने.

मराठीसाठी याची घरची परंपरा आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि वाड्याजवळ सोनाळे इथे निलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने मराठी साक्षरतेचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. क ते ज्ञ संपवून मग बाराखडीकडे न जाता मोजकी अक्षरं आणि मोजक्या मात्रा एकत्र घ्यायच्या, त्यांतून पहिल्याच आठवड्यात खरे शब्द बनवायचे आणि गोष्ट, गप्पा, चित्र यांच्याशी ते जोडायचे, हा मार्ग अडखळणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त उपयोगी पडतो. मुंबईत २००१ पासून काम करणारं ‘उम्मीद’ बालविकास केंद्र मुलाच्या विकासाकडे एकत्रितपणे पाहतं आणि कुटुंबालाही सोबत घेतं.

वाचनासाठी ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत आहेत. ‘रीड अलाँग’ हे गूगलचं ॲप मराठीत मूल वाचत असताना ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’त छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी ऐकायची पुस्तकं आहेत. डिस्लेक्सिक वाचकालाही अशा पुस्तकांचा हक्क देणाऱ्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. इतिहासाचा धडा कानाने ऐकून मूल इतिहासात पुढे राहतं आणि वाचनाचा सराव वेगळ्या वेळी होतो. मराठी मजकूर वाचून दाखवणारा आवाज आज साध्या मोबाइलमध्येही असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

काही गोष्टींपासून मात्र पालकांनी सावध राहावं. रंगीत काचांच्या चष्म्याने डिस्लेक्सिया सुधारतो याला आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे जाहीर केलं. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे अहवाल, डोळे बांधून वाचायला लावणारे ‘मिडब्रेन’चे वर्ग, स्मरणशक्तीची औषधं यांच्यामागे शास्त्र नाही. अडचणीत सापडलेल्या आईवडिलांची कमाई आणि मुलाची मोलाची वर्षं त्यात जातात.

मुलाच्या मनाचं काय

२००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया घराघरांत पोहोचला. त्या चित्रपटाने पालकांच्या नजरेत केलेला बदल खरा आहे. पण प्रत्येक मुलात चित्रकार लपलेला नसतो, आणि नसला तरी त्याची किंमत कमी होत नाही. वाचन अवघड जाणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना अवधानाचीही अडचण असते. अनेकांना शाळेच्या दारात पोटात दुखतं. रोज चारचौघांत मोठ्याने वाचायला उभं केल्याची भीती वर्षानुवर्षं साठत जाते.

मुलींकडे तर लक्षच जात नाही. अमेरिकेत सॅली शेविट्झ यांच्या १९९० च्या अभ्यासात शाळांनी ओळखलेल्या मुलांमध्ये मुलगे कितीतरी जास्त होते. सगळ्या मुलांची सारखी चाचणी घेतल्यावर ही दरी बरीच कमी झाली. वर्गात दंगा करणारा मुलगा नजरेत भरतो. मागच्या बाकावर गप्प बसून मैत्रिणीची वही उतरवून घेणारी मुलगी शहाणी ठरते आणि न वाचताच सातवीत पोहोचते. जिथे मुलीची शाळा सुटायला निमित्तच हवं असतं, तिथे ‘हिला अभ्यास जमत नाही’ हे पुरेसं निमित्त ठरतं.

आता काय करायचं

एवढ्या आढाव्यानंतर करायच्या गोष्टी फार नाहीत आणि त्यांपैकी बहुतेकींना मोठा पैसा लागत नाही. पहिली ते पाचवीच्या मराठी मुलांनी मिनिटाला किती शब्द वाचावेत, याची राज्यभर वापरता येतील अशी माहिती पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने गोळा करून खुली करावी. मापच नसेल तर मागे कोण आहे हे शिक्षकाने कशावरून ठरवायचं? शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दरमहा शिक्षक जमतातच. त्यातल्या काही बैठका दुसरीच्या नोंदपत्रिकेला आणि लहान गटात वाचन कसं घ्यायचं याला द्याव्यात. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे एवढ्या शाळा असतात की एका मुलापर्यंत ते क्वचितच पोहोचतात. त्यांचा वेळ तिसऱ्या पायरीच्या मुलांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मराठीत तपासणी करणारा मानसशास्त्रज्ञ असावा, म्हणजे नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आईला मुंबई-पुण्याच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

पालकांनी शाळेत जाऊन दोनच प्रश्न विचारावेत. माझं मूल अनोळखी परिच्छेद वाचू शकतं का? आणि नसेल, तर त्यासाठी येत्या तीन महिन्यांत रोज काय केलं जाणार आहे? दुसऱ्या प्रश्नातलं काम कायद्याने शाळेवर टाकलेलं आहे, आणि ते कसं करायचं हे संशोधनाने शाळेला सांगितलेलं आहे. अनोळखी परिच्छेद वाचून पाहायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं राज्यातल्या प्रत्येक दुसरीच्या मुलाला याच वर्षी मिळायला हवीत.